वहिनी ग्रामपंचायतीला उभ्या राहतायत : अर्जाचं नेमकं काय काय लागतं?

पुणेस्थित_गावकरी
नमस्कार मंडळी. आमच्या गावात (सोलापूर जिल्हा, ११ सदस्यांची ग्रामपंचायत) निवडणूक लागलीय. प्रभाग ३ मधली एक जागा ना.मा.प्र. (नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी) स्त्री अशी निघाली आणि गल्लीतल्या लोकांनी आमच्या थोरल्या वहिनींचं नाव पुढे केलं. वहिनी तयार आहेत, दादाचं "बघू, बघू" चाललंय, आणि कागदपत्रं माझ्या गळ्यात पडलीत कारण घरातला 'कंप्युटरवाला' मी.

गावात ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. वहिनींचं नाव प्रभाग १ च्या मतदार यादीत आहे, मग ३ मधून उभं राहता येतं का? जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आहे, पडताळणी झालेली नाही. घरपट्टी दोन वर्षं थकलीय आणि घर अजून अण्णांच्या (वडिलांच्या) नावावर. सगळ्यात मोठं म्हणजे मुलं तीन. थोरली २०१० ची, नंतर २०१४ ला जुळी झाली. समोरचे आत्तापासून पारावर बसून "तीन अपत्यं, अर्ज बाद" म्हणतायत.

अर्ज भरायला सोमवारपासून सुरुवात. कुणी हे सगळं केलेलं असेल तर सांगा. ऐकीव नको, ऐकीव इथे पोत्यानं आहे.

कोरडवाहू
पहिली पात्रता : दादाचं "बघू" बंद करणे. बाकीचं तहसीलला होतं.

सरळसोट
ज्या प्रभागात नाव त्याच प्रभागातून उभं राहता येतं. साधी गोष्ट आहे. वहिनींचा विषय इथेच संपला, सॉरी.

खडूफळा
सरळसोट, विषय संपलेला नाही. मी शिक्षक आहे. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलाशेजारी बसून अर्ज घेण्याचं काम केलंय. तेव्हा राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागली होती, आम्ही चेहरे विसरलो, चुका नाही विसरलो.

उमेदवाराचं नाव त्या गावाच्या मतदार यादीत पाहिजे, प्रभाग कुठलाही चालतो. सूचक (अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा) मात्र ज्या प्रभागातून उभं राहायचंय त्याच प्रभागाचा मतदार लागतो. लोक नेमकं उलटं करतात. उमेदवाराच्या प्रभागाची काळजी करतात आणि सूचक म्हणून शेजारच्या वॉर्डातल्या मेव्हण्याला उभं करतात. प्रभाग ३ मधला, यादीत नाव असलेला, आणि ऐनवेळी फिरणार नाही असा एक माणूस धरून ठेवा. शेवटची अट कायद्यात नाही, पण महत्त्वाची आहे.

दुसरी चूक म्हणजे यादीचा क्रमांक. विधानसभेच्या यादीत जो भाग आणि अनुक्रमांक असतो तो लोक मतदान चिठ्ठीवरून उतरवतात. ग्रामपंचायतीसाठी तीच यादी प्रभागनिहाय फोडलेली असते, तिथे क्रमांक बदलतो. अर्जात प्रभागाच्या यादीतला टाकायचा.

वय २१ पूर्ण. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा. वहिनींचा जन्म कधीचा?

पुणेस्थित_गावकरी
१९८८ च्या. बारावी झालेल्या आहेत तरीही. धन्यवाद गुरुजी, पहिला दगड उतरला.

सरळसोट
ठीक आहे, चूक कबूल. आमच्याकडे तहसीलच्या दारातल्या टपरीवर असंच सांगतात.

कोरडवाहू
टपरीवरच्या चहाइतकाच तिथला कायदा पातळ.

वकील_नव्हे_कारकून
जुळ्यांबद्दल. समोरच्यांना बोलू द्या. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर अपात्रता आहे हे खरं, आणि १२ सप्टेंबर २००१ ही तारीख (त्यानंतर वाढलेल्या अपत्यांनाच नियम लागतो) सगळ्यांना पाठ असते. पण त्याच कलमाच्या परंतुकात (म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेल्या अपवादात) लिहिलंय की जोडप्याला एकच मूल असेल आणि पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तर ती सगळी मिळून एक धरायची. थोरली एक, जुळी एक, झाले दोन. विषय मिटला.

पुरावा म्हणून दोन्ही जुळ्यांचे जन्मदाखले ठेवा, तारीख आणि दवाखाना सारखा दिसला पाहिजे. शाळेच्या दाखल्यावर एकाची तारीख चुकलेली असण्याची आपल्याकडे परंपरा आहे, तेही बघून घ्या. आणि घोषणापत्रात तीन मुलं लपवू नका. खरी संख्या लिहायची आणि छाननीच्या वेळी जन्मदाखले दाखवायचे.

उलट क्रम असता, म्हणजे आधी जुळी आणि मग धाकटं, तर गोष्ट वेगळी होती.

रानपाखरू
या नियमात अजून एक. काही लोक तिसरं मूल नातेवाइकाला दत्तक देऊन मोकळे होतात. चालत नाही. ओडिशाच्या एका सरपंचाच्या प्रकरणात २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, जन्म झाला की मोजणी झाली.

सरळसोट
पण मुळात हा नियम सरपंचालाच का? आमदाराला चार मुलं चालतात, खासदाराला सहा चालतात. शिक्षणाची अट पण तशीच. सातवी पास पाहिजे ते गटारीचा ठराव करायला, विधानसभेत कायदा करायला अट काहीच नाही. गरिबाच्या खुर्चीला सगळे खिळे.

वकील_नव्हे_कारकून
वैध आहे की नाही हा प्रश्न हरियाणाच्या पंचायतींच्या निमित्ताने २००३ मध्येच सुटला, न्यायालयाने नियम कायम ठेवला. न्याय्य आहे का, त्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. या नियमापायी बायका टाकून दिलेल्या आणि मुलं 'भावाची' म्हणून दाखवलेली पाहिलीत.

रानपाखरू
आता दाखल्याचं सांगते, कारण त्यात मी स्वतः होरपळले आहे.

बाईची जात माहेरची धरतात, नवऱ्याची नाही. म्हणजे दाखला माहेरच्या नावाचा असणार हे बरोबरच आहे. मतदार यादीत सासरचं नाव. मधला पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र. ते आजच शोधा.

पडताळणी झालेली नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. मी २०१५ ला राखीव जागेवर निवडून आले (विदर्भातलं गाव, नाव राहू द्या). हमीपत्र दिलं होतं सहा महिन्यांचं. समितीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा हवा. माझे बाबा शाळेतच गेले नाहीत. आजोबांची नोंद सापडली ती माहेरच्या गावच्या शाळेत, दाखल-खारीज रजिस्टरमध्ये. कपाटाच्या वरच्या फळीवर, सुतळीनं बांधलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आजोबांच्या नावापुढे जात स्पष्ट होती पण जन्मतारखेवर शाई सांडलेली. हेडमास्तर सही करायला तयार, समितीला दुसरी नोंद पाहिजे. कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल मिळवण्यात दोन महिने गेले. तोपर्यंत मुदत संपली. प्रमाणपत्र आलं, वैधच आलं, पण सहा महिने उलटून गेल्यावर. पद गेलं. गावात लोक अजून म्हणतात "बाईचा दाखला खोटा निघाला".

म्हणून सांगते, अर्जाच्या पोचवर समाधान मानू नका. निकालाची वाट न बघता फाइल हलवा. हरलात तरी मुलांना कामी येईल.

वकील_नव्हे_कारकून
रानपाखरूताई, वाईट झालं. ही मुदत पाळणं बंधनकारकच आहे असं उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये आणि नंतर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर हजारो सदस्यांची पदं जायला लागली तेव्हा सरकारने मुदत वाढवून दिली. गावकरीदादा, आत्ताच्या कार्यक्रमासोबत हमीपत्राचा जो नमुना मिळेल त्यावरची मुदत तुमची. जुन्या निवडणुकीतली झेरॉक्स वापरू नका.

पुणेस्थित_गावकरी
ताई, तुमची पोस्ट वहिनींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या माहेरी काकांच्या शाळेचा दाखला आहे १९६२ चा, लॅमिनेट केलेला. चालेल ना?

रानपाखरू
वडिलांचे सख्खे भाऊ असतील तर चालेल, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ते नाव यायला हवं. लॅमिनेशन मात्र कुणी सुचवलं?? शाळेकडून रजिस्टरचा उतारा परत घ्या.

आणि एक विचारू? सगळे प्रश्न तुम्हीच विचारताय. वहिनींना खातं काढून द्या की इथे.

कोरडवाहू
सरपंचपती, सदस्यपती ऐकले होते. सदस्यदीर पहिल्यांदाच.

पुणेस्थित_गावकरी
😄 मार बसला. घरपट्टीचं राहिलंय पण.

खडूफळा
घरपट्टीवर दरवेळी भांडण होतं. कायदा असं म्हणतो की पंचायतीने रीतसर बिल बजावलं, मागणी केली, आणि त्यानंतर तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्र. नुसती थकबाकी आहे म्हणून आपोआप काही होत नाही. पण जो तो 'बेबाकी दाखला' (थकबाकी नसल्याचा) मागतो, आणि दाखला देणारे ग्रामसेवक (आता म्हणे ग्रामपंचायत अधिकारी) अर्जाच्या आठवड्यात नेमके दौऱ्यावर असतात.

आडगावकर
गुरुजींशी असहमत. कायदा कायद्याच्या जागी. दोन वर्षांची घरपट्टी म्हणजे किती, तीन-चार हजार? भरा, पावती घ्या, फोटो काढा. तीन हजारांसाठी छाननीच्या टेबलावर कलम वाचून दाखवायची हौस कशाला. मी २०२१ ला हेच केलं, पाणीपट्टीसकट.

खडूफळा
असहमती कसली, मी पण भराच म्हणेन. फक्त दाखला मिळाला नाही म्हणून कुणी घरी बसू नये. पावती आणि दाखला मागितल्याच्या अर्जाची पोच, दोन्ही जोडा.

वकील_नव्हे_कारकून
घर अण्णांच्या नावावर असल्याने अडत नाही. राहत्या घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे एवढं लागतं. मला वेगळीच शंका आहे. अण्णांचं घर, गोठा, ओटा काही गावठाणाच्या रस्त्यावर किंवा गायरानात आलंय का? २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अतिक्रमण सासऱ्याने केलेलं असलं तरी सून तिथे राहते, वापरते, तर तीही अपात्र. "मी नाही केलं" चालत नाही.

पुणेस्थित_गावकरी
...गोठ्याचा पत्रा रस्त्यावर येतो. दीड-दोन फूट.

कोरडवाहू
काढा पत्रा. म्हैस मतदार नाही, नाराज झाली तरी चालेल.

खान्देशी_भरीत
स्त्री राखीव जागेवरून आठवलं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला २०२१ ला अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारांनी स्त्री सर्वसाधारण जागेवर अर्ज भरला. छाननीत बाद केला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, दोनच दिवसांत अर्ज स्वीकारायचा आदेश झाला, आणि बाई निवडून आल्या. छाननीत बाद म्हणजे सगळं संपलं असं नसतं एवढंच.

वकील_नव्हे_कारकून
खरंय, पण तो अपवाद समजा. एरवी निवडणूक सुरू असताना न्यायालयं हात घालत नाहीत. निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे निवडणूक याचिका, हा नेहमीचा रस्ता. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. छाननीत अर्ज मंजूर झाला म्हणजे कवच मिळालं असं नाही. निवडून आल्यावर कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अपात्रतेचा अर्ज करू शकतो. पत्रा तेव्हाही दिसतो.

आडगावकर
आमच्या इथे एवढं काही लागलंच नाही, बिनविरोध झाली. गावाने बसून ठरवलं. खर्च नाही, भांडण नाही.

रानपाखरू
"गावाने" म्हणजे किती जणांनी? आणि त्यात बायका किती?

आडगावकर
मंदिरात बैठक होती. बायका बाहेरच्या ओट्यावर होत्या.

सरळसोट
बिनविरोधचं कौतुक मला पण कळत नाही. २०२१ ला नाशिक जिल्ह्यात उमराणे आणि नंदुरबारला खोंडामळी इथे पदांची बोली लागली म्हणून राज्य निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, देवळासाठी म्हणून. देवाच्या नावावर गाव विकायला काढलं.

आडगावकर
आमच्याकडे बोली नव्हती हो. सगळ्या बिनविरोधांना एका माळेत ओवू नका.

खडूफळा
हिवरे बाजारला तीस वर्षं बिनविरोध होती, २०२१ ला तिथेही मतदान झालं आणि पोपटराव पवारांचं पॅनेल सगळ्या सात जागा घेऊन आलं. मतदान झालं म्हणून गाव बुडत नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून वाचतोय. आमच्याकडे १० ऑगस्ट २०२२ ला १८६ पंचायतींचं मतदान झालं, तेही कागदी मतपत्रिकेवर. पक्षाचं चिन्ह आमच्याकडेही नसतं, पण कोण कुठल्या पॅनेलचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरपंच पंचांमधून निवडतात, त्यामुळे निकालानंतर आठवडाभर पंच गायब. तुमच्याकडे सरपंच थेट ना?

खडूफळा
२०१७ ला थेट झाला, २०२० ला परत सदस्यांमधून, २०२२ ला पुन्हा थेट. मतदार अजून केंद्रावर विचारतात, "सरपंचाचं बटण आहे का यंदा?" यंदा आहे, फिकट निळ्या मतपत्रिकेचं. बाकी पक्षाचा एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचं पत्र) वगैरे ग्रामपंचायतीला लागत नाही, ते नगरपालिका आणि जिल्हा परिषदेला. गेल्या खेपेला एक गृहस्थ जिल्हाध्यक्षांचं पत्र घेऊन आले होते. वाचलं, परत दिलं.

पुणेस्थित_गावकरी
अपडेट. घरपट्टी, पाणीपट्टी भरली. पत्रा कापला, दादाने स्वतः कापला (बघू संपलं!). प्रभाग ३ मधल्या शेजारच्या काकू सूचक. संकेतस्थळावर अर्ज आणि घोषणापत्र भरायला बसलो तर ओटीपी येईना. रात्री एकला आला.

खडूफळा
रात्री एकला आला म्हणजे नशीबवान. २०२० च्या डिसेंबरात ते संकेतस्थळ इतकं आडवं पडलं की शेवटच्या दिवशी, ३० तारखेला, आयोगाने हाताने भरलेले अर्ज घ्यायला सांगितलं आणि वेळ तीनऐवजी साडेपाचपर्यंत वाढवली. संध्याकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. एका आजींनी अर्जावर माझ्याच टेबलावर अंगठा उठवला, शाईचं पॅड त्यांनी घरून आणलं होतं.

तुम्ही प्रिंट काढून वहिनींची सही प्रत्येक ठिकाणी बघा. घोषणापत्रातला एकही रकाना कोरा नको, काही नसेल तर 'निरंक' लिहा. अकराला खिडकी उघडते. तीनच्या आत खोलीत असा, आणि शेवटचा दिवस धरू नका.

पुणेस्थित_गावकरी
छाननी झाली. आक्षेप घेतला त्यांनी, तीन अपत्यांचाच. वहिनींनी पिशवीतून दोन जन्मदाखले काढले आणि परंतुकाचा कागद साहेबांसमोर ठेवला. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "साहेब, एका तासाच्या अंतराने झालीत, मला चांगलं आठवतंय." अर्ज मंजूर.

कोरडवाहू
झाल्या निवडून. वाक्य छापून लावा गावात.

वकील_नव्हे_कारकून
अभिनंदन. आता माघारीच्या दिवसापर्यंत फोन येतील. माघार उमेदवाराच्या स्वतःच्या सहीने होते, किंवा तिने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने नेऊन दिली तर. असल्या कोऱ्या कागदावर सही देऊ नका, "असू दे जवळ" म्हणणाऱ्या घरच्या माणसालाही नाही.

सुमन_प्रभाग३
नमस्कार. मी वहिनी. खातं भावजींनी काढून दिलं, लिहितेय मी.

फोन येऊन गेले, तिघांचे. नाही म्हणून सांगितलं. चिन्ह शिलाई मशीन मिळालं. माझ्याकडे खरोखरचं आहे, त्यामुळे प्रचाराला वेगळं करायला नको.

विचारायचं होतं की खर्चाची वही तहसीलला मिळते की आपण आणायची? आणि घरच्या गव्हाच्या चपात्या कार्यकर्त्यांना केल्या तर त्या खर्चात धरायच्या का?

खडूफळा
सुमनताई, नमुना तहसीलला मिळतो, चिन्ह दिलं त्याच टेबलावर मागा. मर्यादेचा आकडा तिथेच लिहून घ्या. २०२१ ला ११ सदस्यांच्या गावात सदस्याला ३५,००० होता, त्यावर जाऊ नका. चपात्या धरा, गव्हाचा बाजारभाव लावून. रोजचं रोज लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, पडलात तरी. न दिल्याने पाच वर्षं बाद झालेले मी जास्त करून पडलेल्यांतलेच पाहिलेत, कारण त्यांना वाटतं आता कशाला.

रानपाखरू
सुमनताई, समितीच्या फाइलचा नंबर कुठेतरी लिहून ठेवलाय ना?

सुमन_प्रभाग३
मशीनच्या खणात, दोन ठिकाणी.